बैठं घर, पूर्वेला खिडकी

२ मार्च, रविवार

आज घर पाहिलं आणि आवडलं. 'आवडलं' हा शब्द सव्वीस वर्षांत माझ्या एकाही अहवालात आलेला नाही. आमच्या खात्यात दोनच शेरे: योग्य आणि अयोग्य. लिफ्टचा दोर झिजलाय का, ब्रेक धरतो का, दार मिटताना मधे बोट आलं तर परत उघडतं का, एवढं बघायचं, सही ठोकायची आणि पुढची इमारत गाठायची. आवडीनिवडीचा संबंध नाही. म्हणून आज ही वेगळी वही काढली.

घर शहराच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्याच्या अलीकडे. तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. बैठं. ज्याचा उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात गेला त्याला बैठं घरच हवं असणार, असं ऑफिसातले लोक म्हणतात. पण हट्ट माझा नाही, हिचा. ही म्हणजे माझी बायको. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी सातव्या मजल्यावरच्या आमच्या भाड्याच्या जागेत पिशव्या खाली टेकवून ती धापा टाकत म्हणाली होती, "मला दार उघडलं की जमीन हवी." त्या दिवशी लिफ्ट बंद होती. लिफ्ट तपासनिसाच्याच इमारतीची लिफ्ट. त्यावर ती आठवडाभर हसत होती.

मे अखेर हिची दोन वर्षं पुरी होतात. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायला गेली, गाडीनं सहा तासांच्या अंतरावर. ती परतली की किल्ली हातावर ठेवायची, असं मनात आहे.

एजंटाचं नाव मी 'दोन मिनिटं' ठेवलंय. बस दोन मिनिटांवर, बाजार दोन मिनिटांवर, शाळा दोन मिनिटांवर. मी घड्याळ लावून चाललो. बस सात, बाजार अकरा, शाळा बारा. त्याला सांगितलं तर म्हणतो, "साहेब, तुम्ही हळू चालता."

घर विकणारे दोघे सख्खे भाऊ आहेत, दोघेही एकटे. थोरले सत्तरीचे, पोस्टात होते. धाकटे तीन-चार वर्षांनी लहान, बेकरीत होते. एकाच घरात राहतात आणि तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. घर विकून आता दोन वेगळ्या जागी जाणार. स्वयंपाकघरात दोन किटल्या, मिठाच्या दोन बरण्या, आणि भिंतीवर खडूनं लिहिलेलं वेळापत्रक. मी खिडकीशी उभा असताना थोरले म्हणाले, "त्यांना सांगा, ही खिडकी जोर लावून उघडू नका, बिजागरी सैल आहे." 'ते' माझ्या शेजारीच उभे होते. मी सांगितलं. धाकटे म्हणाले, "त्यांना सांगा, मी कालच स्क्रू पिळलाय." मी तेही सांगितलं. दोन्ही निरोप एकाच पावलाच्या अंतरावर पोहोचवले.

त्या खिडकीला पूर्वेचं ऊन येतं. तिथे हिचं टेबल बसेल. मापं घेतली, बसतं.

४ मार्च, मंगळवार

हिचा फोन. घराचं अजून नीट सांगितलं नाही, 'एक जागा बघतोय' एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "अरे वा, बघ ना. तुलाही बदल होईल." मग तिच्या मुलांचं सांगितलं. ती मुलं माणसाला खुणेचं नाव ठेवतात म्हणे. एका मुलीनं हिचं नाव ठेवलंय: दोन बोटं गालावर टेकवून उघडायची. म्हणजे हसणारी. वर्गात आता सगळे तेच वापरतात. मी म्हटलं, छान. आणि विचारलं, तिकडे पूर्वेचं ऊन किती वाजता येतं. ती म्हणाली, "बघितलं नाही कधी. तेव्हा मी पोहायला गेलेली असते."

ही पोहायला कधी शिकली?

८ मार्च, शनिवार

दुसरी खेप. आज फक्त पाणी आणि भिंती. जमिनीवर पाणसळ ठेवून पाहिली, सरळ आहे. दक्षिणेच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल, पण जुनी, वाळलेली. नळांना दाब उत्तम. इतका उत्तम की राहवेना. हिला फोन लावला.

ती म्हणाली, "बरं झालं केलास. तुझ्याशी एक बोलायचं होतं."

मी म्हटलं, "आधी हे ऐक," आणि फोन नळापाशी धरून नळ पूर्ण सोडला. सातव्या मजल्यावर आपण वर्षानुवर्षं सुतळीएवढ्या धारेखाली भांडी घासली. हा आवाज तिला ऐकवायलाच हवा होता. फोन परत कानाला लावला तर ती हसत होती. म्हणाली, "ऐकलं. धबधबा आहे." मी विचारलं, काय बोलायचं होतंस? "काही नाही, मग बोलू," म्हणाली. बहुतेक पुस्तकांच्या खोक्यांचं असणार. तिची खोकी अजून माझ्याकडेच आहेत, पलंगाखाली.

१२ मार्च, बुधवार

अर्धी रजा टाकून शाळा सुटायच्या वेळेला गेलो. गलका होतो, पण वीस मिनिटांत ओसरतो. आलोच आहे तर म्हणून शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलो. विचारलं, जूनपासून एक अनुभवी शिक्षिका हवी आहे का. ते म्हणाले, "अर्ज त्यांनी करायचा असतो." बरोबर आहे. फॉर्म आणून ठेवला. नाव, जन्मतारीख, शिक्षण एवढं मीच भरून टाकलं. सहीची जागा मोकळी आहे.

१६ मार्च, रविवार

ओळखीच्या प्लंबरला घेऊन गेलो. मागच्या अंगणात सांडपाण्याच्या पाइपाचं झाकण उघडलं. आत केसांच्या गुंतवळासारखा मुळांचा पुंजका. वाळलेला. प्लंबर म्हणाला, "इथे मोठं झाड असणार. वेळेवर काढलं नसतं तर पाइप फुटून न्हाणीघरात घाण आली असती."

झाडाची गोष्ट मग कळली. तीन वर्षांपूर्वी थोरले ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. परत आले तर झाड नव्हतं, बुंधाही नव्हता. झाड थोरल्यांनी लावलेलं. ते त्या दिवशी खोलीत गेले आणि तेव्हापासून भावाशी बोलले नाहीत. पुरावा आता माझ्या हातात होता. मुळांचा पुंजका कागदात गुंडाळून थोरल्यांपुढे ठेवला आणि प्लंबर काय म्हणाला ते सांगितलं.

थोरले चष्मा पुसत म्हणाले, "मला माहीत आहे."

"माहीत आहे? मग?"

"मग काय? मी मेलो नव्हतो. दवाखान्यात होतो. रोज दुपारी डबा घेऊन यायचा, तासभर बसायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा. एका शब्दानं विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, तोड."

धाकटे मला फाटकापर्यंत सोडायला आले. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "त्यांना बरं वाटावं म्हणून केलं हो. घरी आल्यावर वास नको, घाण नको. सगळं आयतं मिळावं." मग हळूच विचारलं, "ते नव्या जागेत जिने चढणार आहेत की तळमजला घेतलाय?"

मजेशीर गोष्ट अशी की जाताना थोरल्यांनीही विचारलं होतं, धाकट्यांच्या नव्या जागेजवळ दवाखाना आहे का. दोघांचा जीव एकमेकांत अडकलाय. बाहेरच्या माणसाला तीन भेटींत दिसतं आणि यांना तीन वर्षांत दिसत नाही. माणसं जवळ राहून इतकी आंधळी कशी होतात कोण जाणे.

२० मार्च, गुरुवार

ऑफिस सुटल्यावर पुन्हा गेलो. संध्याकाळी रस्त्यावर उजेड किती, वर्दळ किती, ते पाहायचं होतं. समोर कोपऱ्यावर लॉन्ड्री आहे. लॉन्ड्रीवाली पन्नाशीची, तोंडाची फटकळ, पण एजंटाच्या दोन मिनिटांपेक्षा तिचं एक वाक्य खरं. म्हणाली, "पावसाचं पाणी रस्त्यावर तुंबतं, घरात शिरत नाही. डाव्या हाताचा कुत्रा भुंकतो, चावत नाही. भाऊ चावत नाहीत आणि भुंकतही नाहीत, हाच त्रास." मग इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, "राहणार किती जण?"

"आम्ही दोघं."

"मग तुम्हालाच काय बघतेय मी सारखी? बाईंना आणा की. नवरा पसंत करायचा हक्क गेला तो गेला, निदान घर तरी पसंत करू दे त्यांना."

मी म्हटलं, तिला सरप्राइज द्यायचंय. ती म्हणाली, "मी इथे तीस वर्षं लोकांचे कपडे बघतेय. सरप्राइजचे कपडे नेहमी मापाला चुकलेले असतात."

बोलायला काय जातंय. तरी घरी येईपर्यंत वाक्य डोक्यातून जाईना.

२३ मार्च, रविवार

लॉन्ड्रीवालीचं ऐकलं. हिला सगळं सांगितलं: घर, खिडकी, अंगण. शाळेच्या फॉर्मचं तेवढं सांगितलं नाही. ती म्हणाली, "मी येते. पाच तारखेला येते. समोरासमोर बोलू."

येते म्हणाली. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

२६ मार्च, बुधवार

दिवस जात नाही. आज एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये तपासणी करताना वर-खाली, वर-खाली चालू होतं. सहाव्या मजल्यावर दार उघडलं आणि समोर हिच्यासारखा अंबाडा असलेली बाई पाठमोरी उभी. ती वळेपर्यंत मी दार धरून ठेवलं. कामात असं केलं नव्हतं कधी. वळली, अर्थातच कुणी दुसरी.

कपाटातला तिचा कप्पा झाडून घेतला. तिथे एक शाल आणि दोन रिकाम्या पेट्या आहेत. एवढंच राहिलंय हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. दर खेपेला ती येताना पिशवी रिकामी असायची, जाताना भरलेली. थंडी असते तिकडे, म्हणून नेत असेल.

३० मार्च, रविवार

आठवी खेप, मधल्या काही लिहिल्या नाहीत. आता बघायचं काही उरलेलं नाही, सगळं बघून झालंय. तरी गेलो. धाकट्यांनी काही न विचारता दार उघडलं आणि त्या खिडकीशी खुर्ची ठेवून निघून गेले. मी अर्धा तास बसलो. ऊन जमिनीवरून सरकत भिंतीपर्यंत आलं. ही इथे वह्या तपासत बसलीय, मी मागे काहीतरी ठोकाठोक करतोय आणि ती मान वर न करता म्हणतेय, "जरा हळू." एवढंच. यापेक्षा जास्त काही माझ्या डोळ्यांपुढे आलं नाही. पण उठवेना.

म्हण आहे, घर पाहावं बांधून. विकत घेताना जे होतं त्याबद्दल जुन्या लोकांनी काहीच सांगून ठेवलेलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

जे झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळची गाडी वेळेवर आली. केस कापलेत तिनं, मानेपर्यंत. मी दोनदा तिच्यावरून नजर फिरवून पुढे बघत राहिलो, शेवटी तिनंच बाहीला धरलं. हातात एक लहानशी पिशवी. मी म्हटलं, बाकीचं सामान? "दोन दिवसांना किती लागतं?"

बसनं गेलो. लॉन्ड्रीवालीनं हिला दुरूनच ओळखलं आणि मला न विचारता तिच्याशी दहा मिनिटं बोलली. घरात थोरले आणि धाकटे दोघेही इस्त्रीचे कपडे घालून उभे. हिनं स्वयंपाकघरातलं वेळापत्रक वाचलं आणि म्हणाली, "सहा ते सात थोरले, सात ते आठ धाकटे. आणि भूक कुणाची कधी, ते कुठे लिहिलंय?" दोघेही हसले. एकाच वेळी हसले, आणि दोघांनीही लगेच तोंडं फिरवली.

ती सगळ्या खोल्यांतून फिरली. भिंतीला हात लावला. अंगणात अनवाणी उभी राहिली. मी नळ सोडून दाखवला. मग खिडकीशी आली, तिथे बसली आणि म्हणाली, "सुंदर आहे रे. खरंच सुंदर आहे. तू घे."

मी म्हटलं, "तू काय, आपण."

भाऊ शहाणे, अंगणात निघून गेले.

"मी आणखी तीन वर्षं थांबणार आहे तिकडे," ती म्हणाली.

मी विचारलं, "कुणी सांगितलं?" हाच प्रश्न का विचारला कळत नाही.

"सांगेल कोण? मीच सांगितलं त्यांना. महिना झाला."

"मला बोलली नाहीस."

"बोलत होते. त्या दिवशी फोनवर. तू फोन नळाला लावलास."

मी म्हटलं, "पण तूच म्हणाली होतीस, दार उघडलं की जमीन हवी."

"म्हणाले होते. तेव्हा मी दमलेली असायची. सारखी दमलेली. आता दमत नाही." हे ती रागानं म्हणाली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाला काही उत्तर तरी देता येतं. "अकरा मुलं होती, आता तेहतीस झालीत. सकाळी उठले की मला तिथे जावंसं वाटतं. असं वाटतंय ते पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदाच."

"आणि आपलं काय?"

"ते मलाही माहीत नाही." ती बोटानं खिडकीची कड पुसत होती. "या घराकडे किती खेपा घातल्यास तू?"

"आजची धरून नऊ."

"आणि बावीस महिन्यांत माझ्याकडे?"

मी रजेचं बोलणार होतो. पाळ्यांचं, अपुऱ्या माणसांचं. आणि हेही की तिथे काय बघायचं, एक भाड्याची खोली. ही सगळी उत्तरं खरी आहेत. तोंडातून एकही बाहेर आलं नाही.

६ एप्रिल, रविवार

दुपारच्या गाडीनं गेली. जाताना शाल घेतली नाही. आता उकाडा आहे, त्यामुळे यावरून काही ठरवता येत नाही.

शाळेचा फॉर्म तिला टेबलावर दिसला होता. तिनं जन्मतारीख तेवढी दुरुस्त केली. मी तीन तारीख लिहिली होती, तिची तेरा आहे.

१३ एप्रिल, रविवार

भावांकडे जाऊन सांगितलं, घर घेत नाही. 'दोन मिनिटं'ला फोनवर सांगता आलं असतं, पण या दोघांना तोंडानंच सांगायला हवं होतं. कारण विचारलं नाही कुणी. मीच म्हटलं, "घरात खोट नाही. मीच बघायचं ते सोडून दुसरंच बघत बसलो."

थोरले बराच वेळ मिठाच्या बरण्यांकडे बघत होते. मग मान न वळवता, मला वगळून, सरळ म्हणाले, "यांना चहा विचारलास का?"

धाकटे दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. पण त्यांचं धाडस झालं नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा, टाकलाय."

मी सांगितलं नाही. या वेळी गप्प राहिलो. तिघांनी मिळून चहा घेतला. घर विकणार की नाही, तो विषय कुणी काढला नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "तुम्ही आणि रजा? लग्न आहे का कुणाचं?" मी म्हटलं, हो, माझंच.

विनोद म्हणून म्हटलं होतं. जिन्यात आल्यावर हसू आलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

हे तिच्या टेबलावर बसून लिहितोय. ती पोहायला गेली आहे.

काल संध्याकाळी पोहोचलो. येण्याआधी फोन करून विचारलं होतं, "येऊ का?" म्हणाली, "ये की." स्टेशनवर मात्र ती नव्हती, शाळेत पालकांची बैठक होती. पत्ता विचारत विचारत गेलो. दुसरा मजला, जिना अरुंद, कठडा एका जागी हलतो. वर पोहोचेपर्यंत मी एकाही गोष्टीचं माप घेतलं नाही, याची नोंद करून ठेवतो.

किल्ली तिनं शेजारी ठेवली होती. खोली लहान आहे. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, सगळ्या चित्रांत आखूड केसांची एक बाई, सगळ्यांत हसणारी. खिडकी पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन आत येतं आणि टेबलावरच्या वह्या पिवळ्या दिसायला लागतात. मी दारातच उभा राहिलो. बावीस महिने मी फोनवर या खोलीशी बोलत होतो, आणि आपण आपल्याच घराशी बोलतोय असं मला वाटत होतं.

ती आली, दमलेली नव्हती. मला उभा बघून म्हणाली, "बस ना." मग तिच्याही लक्षात आलं की खुर्ची एकच आहे. मी म्हटलं, मी पलंगावर बसतो. "नको, थांब," म्हणाली आणि बाहेर गेली. शेजारच्या खोलीचं दार वाजल्याचं ऐकू आलं, कुणाशी तरी दोन शब्द बोलली, आणि खुर्ची घेऊन आली. लाकडी, पाठीला दोन पट्ट्या, एक पाय किंचित तोकडा. मी त्या पायाखाली कागदाची घडी सारायला वाकलो.

"राहू दे," ती म्हणाली, "त्यांची आहे ती."

मी बसलो. खुर्ची एकदा डुगडुगली आणि स्थिरावली. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना होतो. तिनं वह्यांचा गठ्ठा बाजूला करून माझ्यापुढे कप ठेवला. तिला काय काय विचारायचं राहिलंय ते मी मनात जुळवत होतो आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. शेवटी जे जवळ होतं तेच विचारलं.

"ही परत कधी द्यायचीय?"

"रविवारी देते म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. मग कपाकडे बघत, "कुठल्या रविवारी ते सांगितलं नाही."